सेट तापतोय? पंख्याआधी अँपिअर मोजा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, नवा परवाना मिळतो, गाडीत किंवा घरी ५० वॅटचा व्हीएचएफ सेट बसतो, आणि पहिल्याच लांब गप्पांनंतर सेटच्या पाठीला हात लागला की माणूस दचकतो. सल्लाही लगेच मिळतो : मागे पंखा लाव. पंखा लावण्यात चूक काही नाही, पण तो पहिला उपाय नाही. सेटच्या पाठीवर जाणवणारी उष्णता म्हणजे सप्लायमधून आत आलेले आणि अँटेनाकडे न गेलेले वॅट. ते का गेले नाहीत, हे न शोधता लावलेला पंखा बिघाड झाकून ठेवतो, आणि मग एखाद्या दुपारी बोलता बोलता फायनल, म्हणजे अँटेनाला शक्ती पुरवणारे शेवटचे ट्रान्झिस्टर, उडतात.

हा लेख दोन मीटरच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या एफएम मोबाइल सेटला समोर ठेवून लिहिला आहे. नव्या हॅमच्या हातात बहुधा हाच पहिला येतो. हिशेबाची रीत मात्र हँडहेल्डला (हातातल्या सेटला), एचएफ (३० मेगाहर्ट्झच्या खालच्या) सेटला आणि सुरक्षारक्षकांच्या वॉकीटॉकीलाही तीच.

आधी हिशेब

आत जाणारी शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. समजा पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर सेटच्या वीज-सॉकेटपाशी १३.६ व्होल्ट आहेत आणि सेट १०.५ अँपिअर ओढतोय. आत गेले सुमारे १४३ वॅट, अँटेनाकडे निघाले ५०. उरलेले ९३ वॅट सेटच्या पेटीत उष्णता होऊन राहिले. कार्यक्षमता ३५ टक्के. नवख्याला हा आकडा लाजिरवाणा वाटतो, पण ५० वॅटच्या मोबाइल सेटसाठी तो अगदी नेहमीचा आहे.

पुस्तकात तर याहून बरे आकडे असतात. अँप्लिफायरचे चालण्याच्या पद्धतीनुसार क्लास असतात : क्लास ए अँप्लिफायरची कमाल मर्यादा ५० टक्के, क्लास बीची ७८.५ टक्के, क्लास सीची त्याहून जास्त. एफएममध्ये आवाजाबरोबर लहरीची उंची बदलत नाही, म्हणून तिथे क्लास सी चालतो. एसएसबीत (एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) उंची बदलते, म्हणून तिथे लिनिअर (उंचीचं प्रमाण जसंच्या तसं राखणारा), बहुधा क्लास एबी लागतो. पण ही टक्केवारी एकट्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची, आणि तीही आदर्श. प्रत्यक्षात ड्रायव्हर वीज खातो, कंट्रोल सर्किट खातं, अँटेना स्विचचे डायोड थोडं खातात. हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या नकोशा लहरी) कापणाऱ्या लो-पास फिल्टरमध्ये अर्धा डेसिबल गेला, तरी ११ टक्के शक्ती तिथेच संपते. अँटेनाच्या सॉकेटवर ५० वॅट दिसायचे असतील तर ट्रान्झिस्टरला ५६ वॅट काढावे लागतात. म्हणून सगळ्या सेटचा मिळून आकडा ३५ ते ४५ टक्क्यांत आला तर काळजी करू नका. तो २५ टक्क्यांच्या खाली घसरला, तर कुठेतरी काहीतरी बिघडलं आहे.

पायरी १ : सामान जमवा

डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती जिरवणारा रोध), पॉवर आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा) मीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि वही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरलात तर यातलं बरंच मिळेल. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजतो ना, हे दुकानातच पाहून घ्या; स्वस्तातले बरेचसे फक्त एसीवर चालतात.

डमी लोड ५० ओहमचा आणि १४५ मेगाहर्ट्झला चालणारा हवा. त्यावर छापलेले वॅट किती वेळासाठी आहेत हे वाचा, कारण हाताच्या मुठीएवढे '१०० वॅट'चे लोड काही सेकंदच तेवढं सोसतात. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर खरं तपमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. हीटसिंकवर (उष्णता हवेत टाकणाऱ्या धातूच्या भागावर) काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा घट्ट चिकटवा आणि नेहमी त्याच तुकड्यावर मोजा.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. सेट उघडून ट्रान्समिट करत असाल तर आउटपुटच्या भागाला बोट लावू नका. आरएफचा (रेडिओ लहरींच्या शक्तीचा) चटका लहान दिसतो पण आतपर्यंत भाजतो. आणि जुन्या आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या आत पांढऱ्या सिरॅमिकसाठी बेरिलियम ऑक्साइड वापरलेलं असू शकतं. त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. उडालेला जुना ट्रान्झिस्टर फोडून आत काय झालं हे पाहण्याचा मोह टाळा, त्याला कानस तर लावूच नका.

पायरी २ : डमी लोडवर सेटचं मूळ माप घ्या

हे माप अँटेना जोडण्याआधी घ्यायचं. डमी लोडवर अँटेनाचा दोष नाही, केबलचा नाही, आणि बँडवर कुणाला त्रासही नाही. सेट थंड असताना हाय पॉवरवर दहा सेकंद पीटीटी दाबा. सॉकेटपाशी व्होल्ट, अँपिअर आणि आउटपुट वॅट वहीत टिपा. मग मिड आणि लो पॉवरवर तेच करा. क्लॅम्प मीटर अँटेनाच्या बाजूपासून लांब धरा. आरएफ आत शिरलं की डिजिटल मीटरचे आकडे नाचायला लागतात. आकडा विचित्र वाटला तर मीटरची जागा बदलून पुन्हा पाहा.

नव्या सेटचं हे माप पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवावं, असा माझा आग्रह आहे. दोन वर्षांनी सेट ४० वॅट देत १३ अँपिअर ओढायला लागला तर ते फक्त वहीमुळे कळेल. १३.६ व्होल्टला १३ अँपिअर म्हणजे १७७ वॅट आत, ४० बाहेर, १३७ वॅट उष्णता. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही, कारण ५० चे ४० झाले म्हणजे एक डेसिबल गेला. उष्णता मात्र दीडपट झालेली असते.

आता लो पॉवरचे आकडे नीट पाहा. इथे बहुतेकांची समजूत चुकते. 'तापतोय ना, पॉवर निम्मी कर' हा सल्ला बरोबर आहे, पण त्याने उष्णता निम्मी होत नाही. सप्लायचं व्होल्टेज तेच आहे, ट्रान्झिस्टरला दिसणारा लोडही तोच आहे. पॉवर कमी केली की लोडवरची व्होल्टेजची झेप लहान होते, आणि उरलेलं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर पडतं, म्हणजे त्याला तापवतं. ढोबळ नियम असा : क्लास बी वळणाच्या अँप्लिफायरची कार्यक्षमता आउटपुट पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. आपल्या सेटला हा नियम लावा. ५० वॅटला ३५ टक्के असेल तर २५ वॅटला साधारण २५ टक्के. आत १००, बाहेर २५, उष्णता ७५ वॅट. म्हणजे पॉवर निम्मी झाली आणि उष्णता जेमतेम एक पंचमांश उतरली. ५ वॅटला कार्यक्षमता ११ टक्क्यांवर येते, उष्णता ४० वॅटच्या आसपास. पॉवर दहावा हिस्सा, उष्णता निम्म्याहून थोडीच कमी. तुमच्या सेटचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण वहीत वळण हेच दिसेल.

म्हणून सेट थंड ठेवायचा तर मिडवर आणून समाधान मानू नका. रिपीटर (उंचावरून तुमचा सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) ५ वॅटवर उघडत असेल तर थेट लोवर या.

पायरी ३ : सप्लाय आणि तार

तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने तीन मीटर लांबून वीज आणली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते आणि १० अँपिअरला जवळजवळ ०.७ व्होल्ट तारेतच जातात. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हेच पाव व्होल्टवर येतं. व्होल्टेज पडलं की सेटमधलं पॉवर कंट्रोल ठरलेले वॅट काढण्यासाठी फायनलला जास्त रेटतं. करंट वाढतो, आणि त्या करंटमुळे तारेतलं व्होल्टेज आणखी पडतं. एसएसबी सेटमध्ये शिवाय आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर घाण पसरते.

गाडीत थेट बॅटरीवरून जाड तार आणा, दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज लावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर ५० वॅटचा सेट चालवू नका. तिथला स्प्रिंगचा संपर्क एवढ्या करंटला टिकत नाही, प्लगच वितळतो.

उलट चूकही होते. काही जण सप्लायचं बटण फिरवून १५ व्होल्टला नेतात, वॅट वाढतील म्हणून. सेटचं पॉवर कंट्रोल वॅट ठरलेल्या जागी रोखतं, आणि वाढलेले व्होल्ट ट्रान्झिस्टरवर उष्णता होऊन बसतात. १३.८ वर ठेवा.

पायरी ४ : अँटेना आणि केबल

आता डमी लोड काढून अँटेना जोडा आणि तेच माप पुन्हा घ्या. आधी फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का ऐका, कॉलसाइन (परवान्यावरचं तुमचं ओळखनाव) द्या, मग थोडक्यात मोजा.

एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. यावरून 'परत आलेली सगळी शक्ती फायनलमध्ये जिरते' असा समज पसरला आहे. तो अर्धवट आहे. खरी गोष्ट अशी की लोड ५० ओहमचा राहिला नाही की ट्रान्झिस्टरला त्याच्या सोयीचा लोड दिसत नाही. कधी तो लोड इतका खाली जातो की करंट भडकतो, कधी इतका वर की व्होल्टेज झेपावतं, आणि कधी योगायोगाने सगळं ठीक चालतं. यातलं काय होणार हे एसडब्ल्यूआरबरोबर केबलच्या लांबीवरही ठरतं. त्यामुळे अँटेनावर एसडब्ल्यूआर तोच असूनही केबल अर्धा मीटर कापल्यावर सेट थंड चालायला लागलेला दिसतो. अँटेना सुधारलेली नसते. अशा वेळी एसडब्ल्यूआरच्या काट्याइतकाच विश्वास अँमीटरवर ठेवा : डमी लोडला १०.५ आणि अँटेनाला १३ अँपिअर असतील, तर दोष सेटच्या बाहेर आहे.

केबल दुसरी फसवणूक करते, आणि ती जास्त वाईट. आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण ०.२ डेसिबल जातात. १५ मीटर केबल म्हणजे ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती. गच्चीवरच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असला तरी जाता-येता दोनदा शक्ती घटल्यामुळे खाली सेटपाशी मीटर १.७ दाखवतो. अँटेना पूर्ण तुटून पडली, तरी मीटर ३ च्या पुढे जाणार नाही! खाली माणूस समाधानी, सेट बऱ्यापैकी थंड, आणि २५ वॅट गच्चीपर्यंतची केबल तापवण्यात गेले. एसडब्ल्यूआर शक्य तिथे अँटेनाच्या पायथ्याशी मोजा आणि एवढ्या लांबीसाठी आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली केबल वापरा.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी कनेक्टरकडे दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहावं. खारी हवा आणि पाणी पीएल-२५९ कनेक्टरमध्ये शिरलं की केबलच्या वेणीचं तांबं काळंहिरवं पडतं, आणि मग कितीही कनेक्टर बदला, केबलचं टोक कापून आत चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे जावंच लागतं. ताण दिल्यावर एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा, वर साधी काळी टेप.

पायरी ५ : उष्णतेला बाहेर जायला वाट द्या

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी सेट भाजतोय, तर आता हीटसिंकचा विचार करायचा. सिलिकॉनच्या चकतीतून उष्णता ट्रान्झिस्टरच्या धातूच्या तळाशी येते, तिथून पेस्टमधून हीटसिंकला, तिथून हवेत. प्रत्येक टप्प्याला अडथळा असतो, आणि तो अंश सेल्सिअस प्रति वॅट असा मोजतात.

एक उदाहरण मांडू. सेटमधली एकूण उष्णता ९० वॅट, त्यातली ६५ एकट्या फायनलची. हीटसिंक पंख्यासह ०.५ अंश प्रति वॅट, म्हणजे तो हवेपेक्षा ४५ अंश वर. पेस्टचा ०.१ अंश, म्हणजे साडेसहा. ट्रान्झिस्टरच्या आतला अडथळा १ अंश, म्हणजे आणखी ६५. बेरीज सुमारे ११६. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत आतली चकती १४१ अंशांना पोचते. मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंशांत १६१. आणि उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत, जिथे आतली हवा ६० च्या घरात जाते, १७६. अशा सिलिकॉन मॉस्फेटची (या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची) मर्यादा साधारण १७५ अंश असते. सेट तोच, सेटिंग तेच, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात तो टोकावर चालतो. उन्हात उभ्या गाडीत बसल्याबसल्या लांब ओव्हर (एका दमाचं बोलणं) देऊ नका. आधी काचा उघडून हवा खेळू द्या.

याच उदाहरणात पेस्ट वाळून तिचा अडथळा ०.१ वरून ०.५ झाला तर एकट्या पेस्टमुळे २६ अंश वाढतात. आठ-दहा वर्षं जुना सेट उघडलात तर पेस्ट खडूसारखी भुकटी झालेली दिसेल. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढा, नवी पेस्ट अगदी पातळ लावा. पेस्ट फक्त धातूंमधल्या बारीक फटी भरण्यासाठी असते. जाड थर स्वतःच अडथळा होतो. स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आलटून पालटून आवळा, नाहीतर फायनलचं मॉड्यूल एका अंगाला उचलतं आणि आतलं सिरॅमिक तडकतं. मॉड्यूल बदलत असाल तर आधी हीटसिंकवर बसवा, मग पाय सोल्डर करा.

मोबाइल सेटची ओतीव पेटी हाच हीटसिंक असतो. तो सीटखाली गालिच्यात रुतवून ठेवला तर वरची गणितं वाया गेली. घरी टेबलावर ठेवताना हीटसिंकचे पंख (धातूच्या पातळ पट्ट्या) आडवे न येता उभे येतील असं पाहा, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघते. पंखा लावायचा तर आता लावा. हवा हीटसिंकच्या पंखांच्या लांबीतून वाहिली पाहिजे, आणि आतल्या पंख्यावरची धूळ वर्षातून एकदा ब्रशने काढायला हवी.

पायरी ६ : वेळेचा हिशेब

टेपच्या तुकड्यावर थर्मामीटर रोखून डमी लोडवर हाय पॉवरने तीन मिनिटं सलग ट्रान्समिट करा आणि दर अर्ध्या मिनिटाला तपमान लिहा. डमी लोड तेवढं सोसतो ना, हे आधी पाहा. हीटसिंक ६० अंशांना पोचला की हात टेकवून ठेवता येत नाही. ८० च्या पुढे गेला तर थांबा. यावरून तुमच्या सेटला किती लांब ओव्हर मानवते हे कळतं. मेनूतला टाइम-आउट टायमर त्याच हिशेबाने लावा. मायक सीटच्या फटीत दाबला जाऊन पीटीटी अडकली, तरी हाच टायमर फायनल वाचवतो.

एफएममध्ये पीटीटी दाबली की तुम्ही गप्प असलात तरी पूर्ण वॅट जातात. एसएसबीत शब्दांच्या मधल्या फटीत सेट विसावतो, म्हणून १०० वॅटचा एचएफ सेट बोलण्याला सहज पुरतो आणि एफटी८ वर (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याच्या डिजिटल पद्धतीवर) मात्र तापतो. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या पाळीतले साडेबारा सेकंद पूर्ण शक्ती सलग जाते. तिथे ३० ते ५० वॅटवर राहा, आणि लो पॉवरचा वरचा हिशेब लक्षात ठेवून मधल्या विश्रांतीलाही तेवढंच महत्त्व द्या. डीएमआर (डिजिटल आवाजाच्या) हँडहेल्डला इथे फायदा आहे : ६० मिलिसेकंदांतले ३० मिलिसेकंदच त्याचा ट्रान्समीटर चालू असतो.

किल्लारीचा भूकंप असो, भूज असो, आपत्तीत हॅमनी नेट, म्हणजे अनेक केंद्रांची एकत्र रेडिओ-संभाषणं, तासन्‌तास चालवली आहेत. तशा कामाला मोबाइल सेट वापरायचा तर सुरुवातीपासूनच लो पॉवर आणि चांगली उंच अँटेना, असं नियोजन ठेवा.

सेट गरम झाल्यावर आपोआप वॅट कमी करतो, तो बिघाड नव्हे. आतला तापमापक त्याचं काम करतोय. ते संरक्षण बंद करून देणारे 'मॉडिफिकेशन' करू नका.

हँडहेल्ड आणि होमब्रू

हँडहेल्ड ७.४ व्होल्टला १.६ अँपिअर ओढतो, म्हणजे १२ वॅट आत आणि ५ बाहेर. उरलेले ७ वॅट तुमच्या तळहातात. रेक्झिनचं कव्हर घातलं की ते बाहेर जात नाहीत. घरी बसून रिपीटरवर अर्धा तास बोलायचं असेल तर कव्हर काढा, लो पॉवर लावा, बाहेरची अँटेना जोडा.

स्वतः सेट बांधणाऱ्यांपैकी कित्येकांची सुरुवात हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेल्या बिटएक्स या एचएफ सेटपासून होते. त्यात फायनलला आयआरएफ५१० हा स्वस्त मॉस्फेट आहे, जो मुळात स्विचिंगसाठी बनवलेला आहे. त्याची धातूची पाठ थेट ड्रेनला (मॉस्फेटच्या तीन टोकांपैकी एकाला) जोडलेली असते, म्हणून हीटसिंक चॅसीला टेकत असेल तर मधे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि स्क्रूला इन्सुलेटिंग वॉशर हवाच. बसवल्यावर ड्रेन आणि चॅसीमध्ये शॉर्ट नाही हे मीटरने पाहा, मगच वीज द्या.

बायस (सिग्नल नसतानाही मॉस्फेटमधून थोडा करंट वाहता ठेवणारं व्होल्टेज) ठरवणारा प्रीसेट आधी सर्वांत खाली आणा, अँमीटर लावा आणि सावकाश वाढवत बांधणीच्या सूचनेतल्या करंटपर्यंत न्या. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहा. मॉस्फेट गरम झाला की त्याच बायसवर निष्क्रिय करंट वाढतो, त्याने तो आणखी तापतो, आणि करंट आणखी चढतो. पाच मिनिटांत करंट सरकत राहिला तर हीटसिंक मोठा करा, किंवा बायसच्या फाट्यात डायोड किंवा थर्मिस्टर (तपमानाप्रमाणे बदलणारा रोध) घालून तो मॉस्फेटच्या शेजारी हीटसिंकलाच चिकटवा. बोर्डावर लांब सोल्डर केलेला थर्मिस्टर बोर्डाचं तपमान मोजत बसतो.